मौखिक इतिहासाचे संकलन : योजना व सातत्य

(मठाच्या वर्धापन महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा लेखनिविष्ट भाग)



वर्धापनदिनी संस्थेचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. त्या निमित्ताने जुनी दफ्तरे उघडली जातात, हिशेबाच्या वह्या चाळल्या जातात, छायाचित्रे जमविली जातात. हे सर्व अवश्य करावे. परंतु अशा कागदांतून संस्थेच्या जीवनाचा एक लहानसा अंशच हाती लागतो. पावतीपुस्तकावरून देणगीची रक्कम कळते. ती रक्कम देण्यासाठी त्या कुटुंबाने कोणता खर्च आवरता घेतला, हे पावतीवरून कळत नाही. उत्सवाच्या पत्रिकेवर प्रवचनकाराचे नाव छापलेले असते. त्या दिवशी पाकशाळेत चुलीपुढे कोण बसले होते, फुले कोणत्या बागेतून आली, पंगतीला पाणी कोणी वाढले, यांची नोंद पत्रिकेत नसते. ती केवळ माणसांच्या स्मरणात असते, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जाते. ही नोंद वेळीच कशी घ्यावी, आणि एकदा हाती घेतलेले हे काम वर्षानुवर्षे कसे चालू ठेवावे, एवढाच माझ्या आजच्या निवेदनाचा विषय आहे.

आपण ज्या भागात बसलो आहोत त्याच्या नावापासूनच पाहा. नल्ल म्हणजे काळे आणि कुंट म्हणजे लहान तळे, असा या तेलुगू नावाचा अर्थ. ते तळे नेमके कोठे होते, त्याच्या काठी कोण राहत असे, त्याचे पाणी कोणी पाहिले, हे प्रश्न शेजारच्या घरातील एखाद्या वृद्ध आजीबाईंना आपण कधी विचारले आहेत काय? नाव राहते आणि नावामागील वस्तू विस्मृतीत जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

आता कोणी म्हणेल की, स्मरणावर विसंबून इतिहास कसा लिहावा? शंका रास्त आहे, आणि आपल्या शास्त्रकारांनीच ती प्रथम उपस्थित केलेली आहे. वेदान्तशास्त्रात प्रमाणांची चर्चा करताना स्मृतीला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत. कारण स्मृती ही पूर्वी घेतलेल्या अनुभवाच्या संस्कारातून उत्पन्न होते. तो अनुभव जितका शुद्ध, तितकीच स्मृती विश्वसनीय. म्हणून स्मृती टाकून द्यावी असे मात्र यातून निघत नाही. तिच्या मुळाशी कोणता अनुभव आहे, हे तपासून पाहावे, एवढेच यातून निघते. संकलन करणाराने हे सूत्र कधीही दृष्टीआड होऊ देऊ नये.

उदाहरणार्थ, २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराची गोष्ट घ्या. त्या पुरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी प्राण वाचविले, ही हकीकत हैदराबादेत घरोघर सांगितली जाते. परंतु आज ती सांगणारा कोणीही तो पूर पाहिलेला नाही. त्याने ती आजोबांकडून किंवा पणजीकडून ऐकली आहे. याउलट, ज्याने स्वतः पोलीस ॲक्शनच्या दिवसांत खिडकीच्या फटीतून रस्त्यावर पाहिले, त्याचे सांगणे निराळ्या कोटीतील होय. म्हणून नोंदवहीत प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करावी : ‘प्रत्यक्ष’, ‘ऐकीव’ किंवा ‘अनुमान’. ‘ऐकीव’ अशी खूण असल्यास कोणाकडून ऐकले तेही लिहावे. एवढ्या एका शिस्तीने निम्मा घोटाळा टळतो.

मुखपरंपरेचे रक्षण हे आपल्याला नवीन नाही. वेदाचे पाठ लेखणीशिवाय सहस्रावधी वर्षे टिकले ते केवळ श्रद्धेच्या बळावर नव्हे. त्यामागे तपासणीची कठोर योजना होती. क्रमपाठात पहिले व दुसरे पद, मग दुसरे व तिसरे, अशी जोडणी होते. जटेत तीच जोडी सुलट, उलट व पुन्हा सुलट म्हटली जाते. घनपाठात तीन-तीन पदे अशीच गुंफली जातात. एक अक्षर ढळले तरी साखळी तुटते आणि चूक कानाला कळते. लौकिक आठवणींना घनपाठ नसतो हे खरे. परंतु एकच प्रसंग निरनिराळ्या तीन माणसांकडून स्वतंत्रपणे ऐकणे, आणि त्याच माणसाकडून काही महिन्यांनी पुन्हा ऐकणे, ही त्याच जातीची योजना आहे.

मराठी भाषेत तर या कार्याचा आदर्श साडेसातशे वर्षांपूर्वी घालून दिला गेला आहे. पंथभेद क्षणभर बाजूस ठेवून आपण त्याकडे पाहावे. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर महानुभाव पंथातील म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी जमविण्याचे मनावर घेतले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे ते गेले, त्यांच्या तोंडून लीळा ऐकल्या, उतरवून घेतल्या, आणि त्या नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतल्या. त्यातून शके १२०० च्या सुमारास, म्हणजे १२७८ च्या आसपास, लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्याच्या आरंभीच्या थोर ग्रंथांत त्याची गणना होते, आणि तो ग्रंथ मुळात एका संकलनाचे फळ आहे.

या कथेचा उत्तरार्ध आपल्याला अधिक उपयोगी आहे. पुढे खलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना तो ग्रंथ मुखोद्गत होता अशा अनुयायांनी तो पुन्हा उभा केला. त्यांत हिराइसा नावाच्या साध्वीचा पाठ प्रसिद्ध आहे. साहजिकच पाठापाठांत भेद पडले. परंतु त्या मंडळींनी ते भेद दडपून एकच गोड कथा बनविली नाही. अमक्याचे स्मरण असे आहे, तमक्याचे तसे आहे, अशी नोंद केली. आधुनिक संशोधक ज्या प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो तो आपल्या पूर्वजांनी संकटकाळात पाळला. यातून दोन धडे मिळतात. एक, मतभेद नोंदवावेत, मिटवू नयेत. दुसरा, एकच प्रत ठेवून निश्चिंत राहू नये.

सातशे वर्षांनंतरचे एक उदाहरण सांगतो. पुण्याचे गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या जमविण्यास आरंभ केला. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. पॉइतवँ २००४ साली वारले, राईरकरबाई २०१० साली वारल्या. दोन माणसांच्या जिवावर उभे असलेले कार्य अशा वेळी अडते. पुढे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने ते आपल्याकडे घेतले आणि २०१७ पासून त्या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. हे कशामुळे शक्य झाले? प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव, गाव आणि विषय यांची व्यवस्थित नोंद होती म्हणून. नोंद नीट असेल तर कार्यकर्ता बदलला तरी कार्य उभे राहते. नोंद नसेल तर ध्वनिफितींचा ढीग उरतो आणि त्यात कोणाचा आवाज आहे हे सांगणारा कोणी उरत नाही.

खुद्द आपल्या शहरातही असे कार्य झालेले आहे. तेलंगणातील सशस्त्र लढ्यात भाग घेतलेल्या स्त्रियांच्या मुलाखती हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने घेतल्या. १९८६ साली त्या तेलुगूत आणि १९८९ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. तेलुगू ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘आपल्याला ठाऊक नसलेला आपला इतिहास’ असा होतो. त्या स्त्रियांच्या विचारसरणीशी कोणी सहमत असो वा नसो. ज्यांना कोणी कधी काही विचारले नव्हते त्यांना विचारल्यावर केवढा इतिहास बाहेर येतो, हे त्या ग्रंथाने दाखविले. परदेशात अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने ॲलन नेव्हिन्स यांच्या प्रेरणेने १९४८ साली या कार्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. त्याच वर्षी आपल्या शहराचा इतिहास पाच दिवसांत पालटला, आणि तो पाहणारांपैकी किती जणांच्या आठवणी नोंदल्या गेल्या हे आपण जाणतोच.

येथे काळाचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत जे मूल दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबादेतील मराठी कुटुंबे आंध्र प्रदेशात राहिली. कोणी नोकरी सोडून औरंगाबादेस गेले, कोणी येथेच घर बांधले; एका घरातील दोन भाऊ दोन राज्यांचे झाले. तो निर्णय स्वतः घेतलेल्या पिढीतील फार थोडी माणसे आता आहेत. पुढची पाच वर्षे हीच या कार्याची खरी मुदत आहे.

आता योजनेकडे वळू. पहिला प्रश्न मर्यादेचा. उत्साहाच्या भरात आपण पन्नास वृद्धांची यादी करतो आणि सहाव्या मुलाखतीनंतर काम थांबते. म्हणून साधे गणित करावे. पहिल्या वर्षी बारा व्यक्ती निवडाव्या. प्रत्येकीशी दोन तासांचे संभाषण धरल्यास चोवीस तासांचे ध्वनिमुद्रण होईल. एका तासाचे बोलणे शब्दशः उतरवून घेण्यास नवशिक्याला सहा ते आठ तास लागतात. सात धरले तरी एकशे अडुसष्ट तास झाले. दोन कार्यकर्त्यांनी आठवड्याला प्रत्येकी चार तास दिले तर केवळ लेखनालाच एकवीस आठवडे लागतील. त्यात भेटी, तपासणी व सूची यांचा वेळ मिळविला म्हणजे वर्ष पुरे होते. तात्पर्य, बारा ही संख्या लहान नाही.

दुसरा प्रश्न निवडीचा. आपली दृष्टी सहजच प्रतिष्ठितांकडे जाते. विश्वस्त, वकील, प्राध्यापक यांच्या आठवणी घ्याव्यातच. परंतु त्यांच्याबद्दल काही ना काही छापलेले सापडते. पाकशाळेतील आचारी, हार गुंफणारी बाई, भूपाळ्या व हरतीची गाणी म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया, अंगण झाडणारा सेवक, मंडप घालणारा कारागीर, यांच्याबद्दल काही छापलेले नसते. बारांपैकी निदान सहा नावे या वर्गातील असावीत आणि निदान सहा स्त्रियांची असावीत, असा नियमच करावा. नियम नसेल तर त्या गळतात.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आपल्या मठात मराठी, तेलुगू, कन्नड व तमिळ बोलणारी मंडळी एका पंगतीत बसतात. प्रत्येकाने आपल्या भाषेत सांगावे आणि त्याच भाषेत ते उतरवावे. भाषांतर नंतर करावे. हा आग्रह कशासाठी, ते एका ऐतिहासिक प्रसंगावरून सांगतो. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीचे नाव घेताना हैदराबादच्या मराठी माणसाला अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. त्याच विवेकवर्धिनीत नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. तेथे आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलावयास उभे राहिले तेव्हा सभेतील मराठीभाषकांकडून हुल्लड होऊन त्यांना बोलू दिले गेले नाही. तेलुगू मंडळी दुखावली आणि त्यातून आंध्र जनसंघाची स्थापना झाली. तेलुगू घरांत हा प्रसंग आजही सांगितला जातो. मराठी घरांत तो क्वचितच ऐकू येतो. दोन्ही घरे एकाच सभेत होती! एकाच भाषेत आठवणी जमविणाराला अर्धीच सभा ऐकू येईल. ही स्मरणिका द्विभाषिक आहे. आपले संकलनही त्याच वृत्तीचे असावे.

उतरवून घेताना बोलीही जपावी. हैदराबादच्या मराठीत ‘आल्तो’, ‘गेल्तो’ असते, उर्दू शब्द पावलोपावली असतात. ते पुस्तकी मराठीत ‘सुधारून’ लिहिणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द घालणे होय. कालगणनेचेही तसेच. निजामी राजवटीत कारभार फसली सनावर चालत असे. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. पुष्कळ वृद्ध मंडळी संवत्सराच्या नावानेच वर्ष सांगतात, आणि तेच नाव साठ वर्षांनी पुन्हा येते. म्हणून सांगणाराने दिलेले वर्ष जसेच्या तसे लिहावे आणि इसवी सन शेजारी निराळा मांडावा.

चौथा प्रश्न विचारणाराच्या वर्तनाचा. दोघांनी जावे, एकाने विचारावे, दुसऱ्याने यंत्राकडे व टिपणाकडे लक्ष द्यावे. आरंभी दिवस, स्थळ आणि उपस्थितांची नावे यंत्रात उच्चारावीत. ‘त्या काळी फार सुख होते ना, आजोबा?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. ‘त्या दिवशी सकाळपासून काय झाले ते सांगा’ असे विचारावे आणि थांबावे. वृद्ध माणूस थांबला म्हणजे संपला असे नाही. पुष्कळदा मोलाची गोष्ट त्या स्तब्धतेनंतर येते. तारीख चुकली तर तेथेच दुरुस्ती करून वाद घालू नये. जुने छायाचित्र, एखादे तांब्याचे भांडे, लग्नपत्रिका समोर ठेवली असता स्मरणास चालना मिळते. तासा-दीड तासाहून अधिक काळ एका बैठकीत त्यांना शिणवू नये.

पाचवा प्रश्न संमतीचा. याबाबत हयगय झाली तर या सत्कार्याचे रूपांतर अपकारात होईल. १९४८ च्या आठवणी निघाल्या की त्यात रझाकारांचा उपद्रव येतो, पोलीस ॲक्शननंतर काही जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांवर झालेले अत्याचारही येतात. कोणी कोणाला माळ्यावर लपविले आणि कोणी कोणाला दार उघडले नाही, अशी दोन्ही प्रकारची नावे येतात. त्या नावांची मुले-नातवंडे आज याच गल्लीत राहत असतील. म्हणून सांगणारापुढे तीन पर्याय ठेवावेत : आजच सर्वांस खुले, नावे झाकून खुले, अथवा माझ्या पश्चात खुले. त्याने निवडलेला पर्याय लेखी घ्यावा, आणि उतरवलेला मजकूर प्रथम त्यालाच वाचून दाखवावा. काही गाळा असे तो म्हणाला तर निमूटपणे गाळावे. कोणाचा विश्वास मोडून मिळविलेली माहिती मठाच्या कपाटात ठेवण्यास योग्य नव्हे.

सहावा प्रश्न जतनाचा. हल्लीच्या मोबाईलवरही उत्तम ध्वनिमुद्रण होते. मात्र पंखा बंद करावा आणि यंत्र बोलणाराच्या जवळ ठेवावे. मूळ ध्वनी दाबून लहान न करता पूर्ण स्वरूपात ठेवल्यास एका तासास सुमारे पाचशे मेगाबाइट जागा लागते. म्हणजे चोवीस तासांना बारा गिगाबाइट. हा खर्च अगदी अल्प आहे. तरीही तीन प्रती कराव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत मठाबाहेर, शक्य तर मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेच्या स्वाधीन असावी. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून ऐकावी. कारण यंत्रे न सांगता बिघडतात. उतरवलेला मजकूर मात्र चांगल्या कागदावर छापून बांधून ठेवावा. कागद वाचण्यास वीज लागत नाही.

अखेरचा प्रश्न सातत्याचा. अशी कामे पैशाअभावी फारशी बंद पडत नाहीत. ती बंद पडतात एका कार्यकर्त्याच्या बदलीमुळे, आजारामुळे वा थकव्यामुळे. यासाठी तीन-चार उपाय सुचवितो. पाच जणांची समिती असावी आणि दरवर्षी दोघे बदलावेत, म्हणजे जुने नव्यास शिकवतील. कामाची सर्व रीत एका वहीत लिहिलेली असावी, म्हणजे उद्या येणारा अनोळखी मनुष्यही ती वाचून काम पुढे नेईल. एका मुलाखतीचे लेखन पुरे झाल्याखेरीज दुसरी घेऊ नये. न उतरविलेल्या ध्वनीचा साठा हा कार्यकर्त्यांच्या छातीवरील दगड होतो. आणि दर वर्धापनदिनी, संमती असेल तेवढ्या आठवणींचे जाहीर वाचन सांगणाराच्या कुटुंबियांसमोर करावे. आपल्या आजीचे शब्द सभेत ऐकलेला नातू पुढच्या वर्षी स्वतः यंत्र घेऊन निघतो.

उपनिषदांकडे पाहा. बृहदारण्यकात वंशब्राह्मण आहे. त्यात अमुकाने अमुकापासून विद्या घेतली, त्याने अमुकापासून, अशी गुरुशिष्यांची नावे क्रमाने दिली आहेत. ब्रह्मविद्या सांगून झाल्यावर ती कोणाकडून आली हे सांगणे ऋषींना आवश्यक वाटले. नामरूप मिथ्या आहे असे सांगणाऱ्या परंपरेनेही गुरूंची नावे टाकली नाहीत. व्यवहारात आहोत तोवर ऋण आहे आणि ऋण आहे तोवर नाव सांगणे हे कर्तव्य आहे. ज्यांच्या सेवेवर ही वास्तू उभी आहे त्यांची नावे आपण जाणून घेतली पाहिजेत.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आज घरी जाताना प्रत्येक कुटुंबाने एका चिठ्ठीवर आपल्या ओळखीच्या एका ऐंशी वर्षांवरील व्यक्तीचे नाव व तिची भाषा लिहून कार्यालयात द्यावी. विश्वस्तांनी पुढील पौर्णिमेच्या आत समिती नेमावी, आणि त्या चिठ्ठ्यांतून सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपासून आरंभ करावा. पुढील वर्धापनदिनी बारापैकी आठच आठवणी पूर्ण झाल्या तरी त्या आठ तरी वाचल्या, असे आपण म्हणू.